सासूबाईंच्या माहेरचं गाव शोधतेय (चेक-स्लोव्हाक पूर्वज, मदत हवी)

मेथीचीजुडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत आयोवात, सीडर रॅपिड्सला राहतो. नवरा इथलाच. सासूबाई येत्या मे महिन्यात ८५ पूर्ण करतील. त्यांचं माहेर मूळचं चेक. भाषा गेली, पण नाताळात कोलाचे अजून घरीच होतात (गोल गोड पाव, मध्ये खसखशीचं सारण, आमच्या अनारशांवरची खसखस बघून त्या भलत्याच खूश झाल्या होत्या). दहापर्यंत आकडे आणि दोन शिव्या एवढंच चेक त्यांना येतं.

त्यांच्या आजोबांचं नाव जेम्स. १८८४ साली सोळाव्या वर्षी एकटे आले, इथे शेतावर राबले, १९३१ साली वारले. कुठून आले, तर "प्रागहून", असं घरातले सगळे सांगतात. वाढदिवसाला सासूबाईंना गावाचं नाव द्यायचं असं मी ठरवलंय आणि चार महिन्यांत माझी पार दमछाक झालीये. नागरिकत्वाच्या कागदावर फक्त "ऑस्ट्रियाच्या सम्राटावरची निष्ठा सोडतो". जनगणनेत १९०० ला जन्मस्थान बोहेमिया, १९१० ला ऑस्ट्रिया, १९३० ला चेकोस्लोव्हाकिया. माणूस एकाच घरात बसून तीन देशांत जन्मला!

चेक दप्तरं ऑनलाइन आहेत म्हणे. पण प्रागच्या नोंदींत या आडनावाचा जेम्स काही सापडत नाही. (आडनाव इथे देत नाही, समजून घ्या.)

शेंगदाणाचटणी

वाचतेय. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कोलाचेची पाककृती वेगळ्या धाग्यात टाकाच.

ब्रनोकर

मेथीताई, अकरा वर्षं इथे चेकियात, ब्रनो शहरात आहे. सहकाऱ्यांच्या नादाने हे वेड लागलं, आता त्यांच्याच पणजोबांच्या नोंदी मी वाचून देतो.

पहिली गोष्ट, प्राग विसरा. अमेरिकेत गेलेला प्रत्येक चेक माणूस प्रागचाच असतो, जसा दुबईत भेटलेला प्रत्येक मराठी माणूस "पुण्याचा" असतो. खोदून विचारलं की कळतं, इंदापूरच्या पुढे सोळा किलोमीटर.

दुसरी गोष्ट, जेम्स शोधू नका. चेकमध्ये तो बहुतेक वात्स्लाव असणार. इंग्रजांच्या जिभेला ते पेलेना, म्हणून अमेरिकेत बऱ्याच वात्स्लावांनी जेम्स किंवा वेस्ली हे नाव घेतलं. का, ते विचारू नका, अर्थाचा काही संबंध नाही. चर्चच्या वहीत तोच माणूस चेकमध्ये वात्स्लाव, जर्मनमध्ये वेन्झेल, लॅटिनमध्ये वेन्सेस्लाउस. वॉयतेख असेल तर लॅटिन-जर्मनमध्ये आडाल्बर्ट.

तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे आधी गाव, मग माणूस. या देशात जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी चर्चने ठेवल्या, त्याला मात्रिका म्हणतात. दप्तरं ठेवलीत विभागीय अभिलेखागारांत, म्हणजे प्राग, त्र्शेबोन, प्लझेन, लितोम्येर्झित्से, झाम्र्स्क, ब्रनो, ओपावा, शिवाय प्राग शहराचं वेगळं. प्रत्येकाचं संकेतस्थळ वेगळं. पानन् पान स्कॅन केलेलं आहे, पैसे पडत नाहीत. पण अख्ख्या देशात नाव टाकून शोधायची सोय विसरा. गाव माहीत नसेल तर हा समुद्र आहे.

आणि गाव चेकियात सापडणार नाही, ते तुमच्याकडे सीडर रॅपिड्सलाच सापडेल. चेक कबरस्तानात जाऊन दगड बघितलात का?

मेथीचीजुडी

दगड बघितला नाही! फोटो वेबसाइटवर आहे म्हणून गेलेच नाही, आणि त्यात खालचा भाग गवतात आहे. शनिवारी जाते.

खडूकाका

ब्रनोकरांशी सहमत. एक भर घालतो. त्या काळातल्या चेक स्थलांतरितांत मुक्तविचारवादी पुष्कळ होते. ऑस्ट्रियात कॅथलिक चर्चचा जाच सोसलेला, इथे येऊन त्यांनी चर्चकडे पाठ फिरवली. शिकागोत तर १८७७ साली त्यांनी स्वतःचं वेगळं कबरस्तान काढलं. त्यामुळे इथल्या चर्चमध्ये लग्नाची नोंद मिळाली नाही तर हिरमुसू नका. त्याऐवजी बंधुमंडळं बघा. आजारपण-मृत्यूचा विमा देणाऱ्या या संस्था होत्या. सी.एस.पी.एस. १८५४ ची सेंट लुईसची, झेड.सी.बी.जे. १८९७ ची ओमाहाची. सभासदाच्या अर्जावर जन्मगाव असायचं. क्लार्कने ऐकून लिहिलेलं नाही, माणसाने स्वतः सांगितलेलं.

जहाजाच्या यादीवर फार विसंबू नका. हॅम्बर्गच्या याद्या १८५० पासूनच्या शाबूत आहेत, पण ब्रेमेनच्या जवळपास सगळ्या गेल्या. आणि तुमचे वात्स्लाव ब्रेमेनहूनच निघाले असणार, नशीब तसंच असतं.

टिंबटिंब

एक प्रामाणिक प्रश्न. हे गाव सापडून नागरिकत्व मिळतं का? युरोपचा पासपोर्ट वगैरे?

ब्रनोकर

टिंबटिंब, हा प्रश्न येणारच होता. चेक कायद्यात पूर्वीच्या नागरिकांची मुलं आणि नातवंडं घोषणापत्र देऊन अर्ज करू शकतात, पतवंडं नाही. स्लोव्हाकियाने २०२२ पासून पणजोबांपर्यंत दार उघडलं, पण तो पणजोबा चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक असला पाहिजे. आणि चेकोस्लोव्हाकिया जन्मला २८ ऑक्टोबर १९१८ ला. १८८४ ला निघालेला माणूस ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रान्स योझेफची प्रजा म्हणून निघाला. तेव्हा तो विषय मेथीताईंच्या बाबतीत इथेच मिटला. शिवाय भारतीय पासपोर्ट असेल तर दुसरं नागरिकत्व घेता क्षणी तो गेला, हे वेगळं सांगायला नको.

टिंबटिंब

ठीक. आमच्या पणजोबांना माणच्या बाहेर पाठवायला हवं होतं कोणीतरी.

आजोबा_कोथरूड

छान धागा. रच्याकने, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आठवत असेल, आकाशवाणीची ती सकाळची ओळखधून बांधणारे वॉल्टर कॉफमन मूळचे कार्लोव्ही व्हारीचे. ज्यू होते, १९३४ ला मुंबईत आले आणि १९४६ पर्यंत राहिले. तेव्हा चेक भूमीचं आपल्यावर एका धुनेचं ऋण आहे.

आता माझा प्रश्न. आमचे व्याही पिट्सबर्गचे. मुलीच्या सासऱ्यांचे आजोबा पोलादाच्या कारखान्यात होते. घरात म्हणतात "आम्ही स्लोव्हाक", पण जुन्या कागदावर "हंगेरी" आहे, गावाच्या जागी "सारोस". सारोस नावाचं गाव स्लोव्हाकियात सापडत नाही. व्याह्यांना वाटतं आपण मुळात हंगेरियन असू, आणि त्यावरून विहीणबाईंशी वाद होतो.

ब्रनोकर

आजोबा, विहीणबाई बरोबर आहेत असं धरून चाला. स्लोव्हाकिया १९१८ पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे कागदावर हंगेरी येणारच. सारोस हे गाव नाही, जिल्हा होता. हंगेरियन उच्चार शारोश, स्लोव्हाक नाव शारिश. प्रेशोव्हच्या आसपासचा पूर्वेकडचा भाग. कारकुनाने गाव विचारलं आणि माणसाने जिल्हा सांगितला, आपण "कुठले?" विचारल्यावर "सांगली" म्हणतो तसं.

गावांची नावंही दुहेरी, तिहेरी. ब्रातिस्लावा म्हणजेच पोझोनी म्हणजेच प्रेसबुर्ग. कोशित्से म्हणजे काश्शा. प्रेशोव्ह म्हणजे एपेर्येश. खेडं असेल तर हंगेरियन नावावरून आजचं नाव आधी काढायचं, त्याच्या याद्या ऑनलाइन मिळतात.

नोंदी चर्चच्या, पण १ ऑक्टोबर १८९५ पासून हंगेरीत सरकारी नोंदणी सुरू झाली, ती हंगेरियनमध्ये. तिथे आडनाव आधी आणि नाव नंतर, अगदी शाळेच्या हजेरीपटासारखं. यान चा यानोश होतो, श्टेफान चा इश्त्वान, आणि वॉयतेखचा थेट बेला. व्याही ते बघून घाबरले असतील. नाव हंगेरियन झालं म्हणून माणूस हंगेरियन होत नाही. स्लोव्हाक माणसाला हंगेरियन लोक "टोट" म्हणत. तो शब्द कागदावर दिसला तर वाद संपला.

चर्चच्या जुन्या वह्यांची स्कॅन फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर आहेत, फुकट खातं काढावं लागतं. तिथेच हंगेरीच्या १८६९ च्या जनगणनेची बरीच पानं आहेत. एकेका घराचा एकेक तक्ता, घरातली सगळी माणसं आणि वर गुरंढोरं किती तेही. व्याह्यांच्या खापरपणजोबांकडे दोन बैल होते की एक, तेही कळेल. एकच विचारून घ्या, त्यांचं चर्च कुठलं होतं? रोमन कॅथलिक, लुथरन की ग्रीक कॅथलिक? त्या भागात तिन्ही शेजारी-शेजारी, आणि चुकीच्या चर्चची वही चाळत महिने जातात.

आजोबा_कोथरूड

ग्रीक कॅथलिक. घुमट असलेलं चर्च आहे पिट्सबर्गला, मुलीच्या लग्नात पाहिलंय.

ब्रनोकर

मग ते रुसिनही (त्या डोंगराळ भागातला वेगळा स्लाव समाज, बहुतेक ग्रीक कॅथलिक) असू शकतात, आणि वादात तिसरा पक्ष आला. काही वह्या सिरिलिकमध्ये सापडतील. विहीणबाईंना इतक्यात सांगू नका.

मेथीचीजुडी

शनिवारचा वृत्तांत. कबरस्तानात थंडी मरणाची. दगडाच्या पायथ्याशी गवत उपटलं, स्वयंपाकघरातल्या ब्रशने शेवाळ घासलं (पाणी आणि ब्रश, दुसरं काही वापरलं नाही), आणि एक ओळ वर आली! नवऱ्याने कागद लावून कोळशाने छाप घेतला. अक्षरं अशी: "नारोझेन व ल्होत्ये", पुढे "ओक्रेस ताबोर".

ल्होत्ये! गाव मिळालं! पण नकाशावर ल्होत्ये नावाचं गाव नाहीच.

ब्रनोकर

हे वाचून खुर्चीतून उठलो. ताई, "नारोझेन" म्हणजे जन्मला. आणि ल्होत्ये ही सप्तमी आहे! चेकमध्ये आपल्यासारखेच विभक्तिप्रत्यय आहेत आणि गावाचं रूप बदलतं. उद्या कोणी आपल्या आजोबांच्या दगडावर "जन्म साताऱ्यात" वाचलं आणि नकाशावर "साताऱ्या" शोधत बसलं, तसं झालंय हे. मूळ गाव ल्होता. ताबोर तालुका, दक्षिण बोहेमिया. दप्तर त्र्शेबोनला.

आता वाईट बातमी. चेकियात ल्होता शेकडो आहेत. एकट्या ताबोरच्या आसपास कित्येक.

मोडीवाचक

मध्येच बोलतो, कारण हा शब्द फार सुंदर आहे. ल्होता हा चेक "ल्हूता" म्हणजे मुदत या शब्दाशी जोडलेला. मध्ययुगात जंगल तोडून नवी वस्ती बसवायची तर जमीनदार वसणाऱ्यांना ठरावीक वर्षं सारा माफ करायचा, आणि त्या माफीच्या मुदतीवरूनच गावाचं नाव पडायचं. आपल्याकडे पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल द्यायचे आणि इस्ताव्याने, म्हणजे दरसाल थोडा थोडा वाढवत, सारा घ्यायचे, तोच हिशेब. आपण गावाचं नाव "इस्तावा" ठेवलं नाही इतकंच.

खडूकाका

वा, मोडीवाचक! मेथीताई, आता बंधुमंडळाचा अर्ज गाठा. कुठली ल्होता ते तिथे असू शकेल.

मेथीचीजुडी

तीन आठवड्यांनी येतेय. अर्ज मिळाला! सासूबाईंच्या चुलतभावाकडे एका बिस्किटाच्या डब्यात झेड.सी.बी.जे. चा कागद होता. आजोबांच्या हस्ताक्षरात ल्होता आणि खाली "फारा" म्हणून आणखी एका गावाचं नाव.

पण आता भिंत लागली. त्र्शेबोनच्या साइटवर त्या गावाच्या जन्मनोंदींची वही उघडली, अनुक्रमणिका बघितली. १८६६ पासून १८७० पर्यंत आमच्या आडनावाचा एकही वात्स्लाव नाही. धाकटी भावंडं आहेत, १८७२ आणि १८७५ ची, आईवडिलांची नावं अर्जावरचीच. मग हेच गायब कसे?

ब्रनोकर

"फारा" म्हणजे ज्या चर्चखाली गाव येतं ते. प्रत्येक खेड्यात चर्च नसायचं, आपल्याकडे गट ग्रामपंचायत असते तसं. तेव्हा वही बरोबर आहे.

अनुक्रमणिका सोडा. धाकट्या भावंडांच्या नोंदीत घराचा नंबर बघा. सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या काळात, १७७० च्या सुमारास, सैन्यभरतीसाठी घरांना नंबर दिले गेले आणि योझेफ दुसऱ्याच्या १७८४ च्या हुकुमापासून मात्रिकेत घर क्रमांकाचा रकानाच आला. नोंदीत बापाचं नाव, आईचं नाव, दोन्हीकडचे आजी-आजोबा, ते कुठल्या गावच्या कुठल्या नंबरचे, सुईण कोण (चेकमध्ये सुईणीला "बाबा" म्हणतात, गंमत वाटेल), धर्मपिता-माता कोण, सगळं असतं. आडनावं फसवतात. कोणी सासुरवाडीच्या शेतावर घरजावई म्हणून गेला की पूर्वी चक्क त्या घराचं नाव लावायचा. बायकांच्या आडनावाला "ओवा" लागतं, तिथेही घोळ होतो. घर मात्र हलत नाही.

आईच्या माहेरच्या घराचा नंबर मिळाला की त्या नंबराच्या १८६७-६९ च्या सगळ्या नोंदी पानं उलटून वाचा.

शेंगदाणाचटणी

मी आता पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

मेथीचीजुडी

सापडलं. रात्री दोन वाजता सापडलं, नवऱ्याला उठवलं.

ल्होता, घर क्रमांक २३, सप्टेंबर १८६८. नाव वात्स्लाव. आईचं नाव बरोबर, पण बापाचा रकाना कोरा. "नेमान्झेल्स्के" या रकान्यात एक उभी रेघ. बाळ आईच्या आडनावाने लागलंय, म्हणून अनुक्रमणिकेत सापडत नव्हतं. आणि समासात वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात, चार-पाच ओळी आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. चित्र जोडलंय. "नेमान्झेल्स्के" म्हणजे काय ते मी शब्दकोशात बघितलं: अनौरस. सासूबाई दर रविवारी चर्चला जातात. त्यांना हे कसं सांगू?

मोडीवाचक

हस्ताक्षर बरं आहे. चेकमध्ये आहे, त्या काळातली जर्मन कुरेंट लिपी नाही. कुरेंट म्हणजे तिकडची मोडी, हात न उचलता लिहायची, एन आणि यू सारखेच. इथे मी फक्त आकडे आणि नावं लावू शकतो. १८७१ साल दिसतंय, दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यातली एक तीन फुल्यांची. अर्थ ब्रनोकर सांगतील.

ब्रनोकर

ऑफिसातल्या मैत्रिणीला दाखवून खात्री केली. समासात लिहिलंय की १८७१ साली अमुक माणूस दोन साक्षीदारांसमोर पाद्र्यापुढे हजर झाला, या मुलाचा बाप मीच असं त्याने सांगितलं आणि आपलं नाव वहीत घालायला लावलं. त्याच वर्षी त्याचं मुलाच्या आईशी लग्न झालं. म्हणजे वात्स्लाव तीन वर्षांचा असताना त्याला बापाचं आडनाव मिळालं, आणि तेच घेऊन तो अमेरिकेला आला.

बापाच्या नावापुढे "पोद्रुह" आहे. पोद्रुह म्हणजे स्वतःचं घर नसलेला, दुसऱ्याच्या घरात खोलीत राहून मजुरी करणारा. त्याच्या वर झोपडीवाला खालुप्निक, त्याच्या वर शेतकरी सेद्लाक. स्वतःची खोलीसुद्धा नसलेल्या गड्याला लग्न परवडत नव्हतं, पोरं मात्र होत होती. अशा नोंदी मी इतक्या वाचल्यात की आता दचकत नाही. हा माणूस निदान चर्चमध्ये परत आला, तीन फुल्यांची सही करणारा साक्षीदार घेऊन. कित्येक जण आलेच नाहीत.

सांगायचं कसं ते तुम्ही जाणता. मी असतो तर समासासकट सगळं पान दाखवलं असतं.

खडूकाका

दाखवा. ८५ वर्षांच्या बाईला आपण समजतो त्यापेक्षा खूप काही माहीत असतं.

टिंबटिंब

+१. आणि मेथीताई, पासपोर्टवरून बोललो त्याबद्दल सॉरी. गेल्या आठवड्यात तहसीलला जाऊन गाव नमुना १४ मध्ये (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) पणजीचं नाव शोधून आलो. "अमुकची बायको" एवढंच आहे, नाव नाही.

मेथीचीजुडी

वाढदिवस झाला.

पान मोठं छापून घेतलं होतं. सासूबाईंनी चष्मा लावला. आधी कोरा रकाना दाखवला, मग समास. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की आजोबा मुलांवर कधी हात उगारायचे नाहीत, आणि कोणाच्या घरात नको असलेलं पोर आलं की आपल्या टेबलाशी एक खुर्ची वाढवायचे. एवढंच बोलल्या आणि कोलाचे गरम करायला उठल्या.

नंतर नवऱ्याने चेक नकाशाच्या साइटवर रस्त्यावरून काढलेले फोटो उघडले. ब्रनोकर म्हणाले होते तसं, घरांचे नंबर अजून तेच आहेत. २३ नंबर आहे! भिंत नव्याने लिंपलीये, छप्पर नवीन, दारापाशी निळी बादली आणि दोरीवर धुणं. सासूबाईंनी विचारलं, "कोण राहतं तिथे?"

मी म्हटलं, कबरस्तानात जाऊन बघायला हवं त्यांचं कोणी आहे का. तर ब्रनोकरांचा निरोप आला की तिथे कबरीची जागा भाड्याची असते, भाडं थकलं की दुसऱ्याला जाते, तेव्हा इतकं जुनं काही मिळायचं नाही. मग आता सासूबाईंनी ठरवलंय, त्या घरातल्या माणसांना पत्र लिहायचं. इंग्रजीत, आणि खाली दहापर्यंत आकडे चेकमध्ये. (शिव्या नकोत, हे मी कबूल करून घेतलं.)

पत्त्यात रस्त्याचं नावच नाही हो. नुसतं गाव आणि २३ लिहिलं तर पोहोचेल का?

ब्रनोकर

पोहोचेल. खेड्यात पत्ता तेवढाच असतो. फक्त पिनकोड नक्की घाला, ल्होता फार आहेत.